बघण्याचा परवाना

बायको गप्प झाली की घरात शांतता नांदते असं ज्यांना वाटतं, त्यांची लग्नं अजून व्हायची असतात. माझं होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मी अधिकारवाणीने सांगू शकतो. गप्प बायको म्हणजे शिट्टी अडकलेला कुकर. आवाज येत नाही म्हणून माणूस निश्चिंत होत नाही, उलट स्वयंपाकघरापासून चार हात लांब जाऊन बसतो.

वृंदा निवृत्त झाली आणि गप्प झाली. आयुष्यभर तिने शाळेत सायन्स शिकवलं. दिल्लीतल्या तऱ्हेतऱ्हेच्या मुलांना पेशी, परागीभवन आणि पचनसंस्था शिकवून ती घरी यायची आणि उरलेलं मला शिकवायची. वरणभातावर तूप वाढतानासुद्धा त्या तुपाचं पुढे काय होणार हे मला सांगितलं जायचं. जेवताना मला स्वतःच्या लहान आतड्याचं दडपण यायचं. निवृत्तीनंतर मात्र तिचं सगळं बोलणं 'चहा ठेवू?' आणि 'पाणी आलं' एवढ्यावर आलं. एकदा इडलीचं पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं. मी मुद्दाम तिला हाक मारून दाखवलं. एरवी त्या पिठावरचं व्याख्यान मला अर्धा तास उभ्याने ऐकायला लागलं असतं. ती म्हणाली, "हं. पुसून घ्या."

मी घाबरलो. खरंच घाबरलो.

अशात एका सकाळी वर्तमानपत्राची पुरवणी वाचता वाचता ती एकदम म्हणाली, "अहो, हे बघितलंत का? गुडगावला म्हणे हॉटेलातच बिअर तयार करतात. टाक्या काचेमागे ठेवल्यात. म्हणजे आत यीस्ट काम करत असताना बाहेर लोक बसलेले असतात!"

तिच्या तोंडून इतकं लांब वाक्य कित्येक दिवसांत आलं नव्हतं. पुरवणीत एक नकाशा होता. वर लिहिलं होतं, 'गाइडची गरज नाही, स्वतःच फिरा.' बिअरच्या त्या छोट्या कारखान्यांवर पेल्याची चित्रं काढून एकातून दुसऱ्याकडे बाण दाखवले होते. अष्टविनायकाच्या नकाशात दाखवतात तसे.

"जाऊ या," मी म्हणालो.

"कुठे?"

"यीस्ट बघायला."

मी उभ्या आयुष्यात बिअरचा थेंब चाखलेला नाही. पण त्या क्षणी ती ज्वालामुखी बघू या म्हणाली असती तरी मी मफलर शोधायला उठलो असतो.

आता दुसरा कोणी असता तर सरळ मेट्रोत बसला असता. मी सरकारी नोकरीत केस घालवलेला माणूस. परवानगीशिवाय मजा करणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय माझं बालपण महाराष्ट्रात गेलं, तिथे दारूला परवाना लागतो हे पक्कं डोक्यात बसलेलं. आपण मूळचे महाराष्ट्राचे, राहणार दिल्लीचे, बघणार हरियाणात. परवाना कोणत्या राज्याचा काढायचा? हा प्रश्न मला अत्यंत गंभीर वाटला. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या कचेरीत ओळखीच्या माणसाला विचारायला गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आलाच आहात तर शेजारच्या कँटीनमध्ये जेवून जा. आज पिठलं चांगलं झालंय."

मग मी गुडगावच्या संबंधित कचेरीला फोन केला. गुडगावचं नुकतंच गुरुग्राम झालं होतं, त्यामुळे मी आदराने 'गुरुग्राम' म्हटलं, तर पलीकडचा म्हणाला, "राँग नंबर, ये गुडगाँव है." ते मिटल्यावर त्याने विचारलं, "अंकल, पीनी है या बेचनी है?"

"देखनी है," मी म्हणालो.

त्याने फोन बाजूला धरून कोणाला तरी विचारलं. मग तो म्हणाला, "देखने का लाइसेंस हमारे यहाँ नहीं होता."

या सगळ्यात मोठी चूक अशी झाली की पिठल्याच्या रांगेत मला भाऊसाहेब भेटले. भाऊसाहेब आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आमची इमारत हिंदूरावच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. हिंदूराव हे मराठा सरदार, ग्वाल्हेरहून आलेले, म्हणजे आपले, म्हणून ही सबंध टेकडी आपली, असं भाऊसाहेबांचं मत आहे आणि तिथल्या दिव्यांवरून ते त्याच हक्काने भांडतात. नोकरीत असताना ते तक्रार निवारण विभागात होते. निवृत्तीनंतर त्यांनी बाजू बदलली. पाण्याचा दाब, कबुतरं, लिफ्टमधला पंखा, माझ्या चपलांचा आवाज, सगळ्याविषयी त्यांची तक्रार असते. असा माणूस 'इथे कसे काय?' विचारतो तेव्हा खोटं बोलायला वेगळी छाती लागते. ती माझ्याकडे नाही.

संध्याकाळपर्यंत 'दत्तोपंत दारूचा परवाना काढतायत' ही बातमी चारही मजल्यांवर पोचली. समोरचे चोप्रा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "भाईसाब, कोई टेंशन है तो हमसे कहो." टेंशन नाही हे पटल्यावर त्यांनी सल्ला दिला की निघण्याआधी वाटीभर लोणी खायचं, म्हणजे चढत नाही. मिसेस चोप्रांनी विचारलं, कधी जाताय? मी म्हटलं, मंगळवारी, गर्दी कमी असते. त्यांनी कानाला हात लावले. "मंगल को? मंगल को तो हमारे यहाँ अंडा भी नहीं फूटता!" तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर तपासलं. ते तोवर चांगलं होतं.

आणि मंगळवारी सकाळी आम्ही दाराला कुलूप लावत होतो तर जिन्यात भाऊसाहेब उभे. डोक्याला माकडटोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात दशम्यांची पिशवी.

"मी येतोय," ते म्हणाले. "घेणार काही नाही. पण तुमच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी शुद्धीत पाहिजे."

"भाऊसाहेब, आम्हीही काही घेणार नाही."

"तसं सगळेच म्हणतात."

वृंदा हसली. मी मुकाट्याने त्यांची पिशवी उचलली.

आमच्या विश्वविद्यालय स्टेशनवरून मेट्रो थेट गुडगावला जाते. तिथे उतरल्यावर मात्र नकाशा आणि जमीन यांचा काही संबंध राहिला नाही. नकाशावर एका बाणाचं अंतर होतं, जमिनीवर फूटपाथच नव्हता. चकचकीत काचेच्या इमारती, त्यांच्यामध्ये खड्डे, खड्ड्यात उभी असलेली म्हैस. ती म्हैस मात्र तिथली जुनी रहिवासी असावी. एवढ्या काचांमध्ये आत्मविश्वास तिच्याच चेहऱ्यावर दिसत होता.

पहिल्या ठिकाणी आम्ही पोचलो तेव्हा दार बंद होतं. दुपारशिवाय उघडत नाही, असं गार्ड म्हणाला. आम्ही पायऱ्यांवर बसलो. गार्ड जरा वेळ आमच्याकडे बघत राहिला, विशेषतः माकडटोपीकडे, आणि घाईघाईने आत गेला. लगेच टाय लावलेला एक मॅनेजर धावत बाहेर आला.

"सर, मॅम, प्लीज अंदर आइए. आप लोग पीछे वाली सोसायटी से हैं ना?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण तो थांबलाच नाही. शनिवारी म्युझिक थोडं लाउड झालं हे त्यांना मान्य आहे, स्पीकरची दिशा बदलणार आहेत, पोलिसांत जायची गरज नाही. त्याने आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि लिंबूसोडा मागवला. तरीही मी खरं सांगितलं असतं. पण भाऊसाहेबांच्या आयुष्यात प्रथमच कोणीतरी स्वतःहून तक्रार विचारायला आलं होतं. त्यांनी काळा चष्मा काढला.

"सिर्फ स्पीकर की बात नहीं है," ते म्हणाले आणि सुरू झाले. ज्या सोसायटीचं नावही त्यांना माहीत नव्हतं तिथल्या ज्येष्ठ नागरिकांची झोप, पार्किंग, हॉर्न, उडून येणारे कागदी रुमाल. मॅनेजर मान डोलवत होता. वृंदा मधूनच म्हणाली, "वो टंकी किधर है? टंकी दिखाओ," तर तो आणखी घाबरला. "मॅम, टँक से कोई स्मेल नहीं आती, गॅरंटी है. आप कंप्लेंट में टँक मत लिखिए!" आणि त्याने हात जोडून, सोड्याचे ग्लास संपायच्या आत, आम्हाला अत्यंत सन्मानाने दाराबाहेर आणून सोडलं.

"पण आपल्याला टाकी बघायची होती," वृंदा म्हणाली.

"स्पीकर फिरवणार म्हणाला ना?" भाऊसाहेब म्हणाले. इतका तृप्त माणूस मी लग्नाच्या पंक्तीतही पाहिलेला नाही.

दुसरं ठिकाण रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर दिसत होतं. पण गुडगावात समोर दिसणं आणि तिथे जाता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही टॅक्सी केली. टॅक्सी पार कुठल्या कुठे जाऊन, वळसा घालून, पुन्हा तिथेच पलीकडे आली. जाताना आपण मघाशी कुठे उभे होतो ते ड्रायव्हरने बोट करून दाखवलं.

इथल्या दारावर वेगळीच अडचण. "लेडीज डे है," दारवान म्हणाला. "कपल अलाउड है. लेकिन अंकल, ये वाले अंकल स्टॅग हैं."

"काय म्हणतोय हा?" भाऊसाहेबांनी मला विचारलं.

"तुम्ही एकटे आहात, असं म्हणतोय."

"शब्द काय वापरला?"

मी सांगितलं. भाऊसाहेबांचं इंग्रजी जुन्या वळणाचं, पक्कं. "स्टॅग म्हणजे सांबर!" ते कडाडले. "मला सांबर म्हणाला हा! या वयात!" प्रकरण चिघळणार असं दिसताच वृंदा पुढे झाली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "ये दोनों मेरे साथ हैं." दारवानाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माकडटोपीकडे, आणि तिच्याविषयी आदर वाटून बाजूला झाला.

आत तांब्याच्या दोन भल्यामोठ्या टाक्या काचेमागे लखलखत होत्या. वृंदाचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर स्वतःच्या कर्तृत्वाचा अभिमान वाटला. लेडीज डे असल्यामुळे तिच्यासमोर एका लाकडी फळीवर छोटे छोटे ग्लास आले. पिवळा, सोनेरी, गढूळ, काळा. ती एकेक उजेडाकडे धरून बघत होती, वास घेत होती आणि परत ठेवत होती. "हा गव्हाचा. हा भाजलेल्या धान्याचा असणार." मग ती उठून टाक्यांपाशी गेली. मीही गेलो.

तिने काचेच्या फटीतून हात घालून टाकीवर टिचकी मारली. डबा रिकामा असला की येतो तसा आवाज आला. तिने वेटरला बोलावलं.

"मॅम, ये तो इंटीरियर का पार्ट है," तो हसत म्हणाला. "अंदर कुछ नहीं है. असली माल बाहर से आता है."

वृंदाने हात काढून घेतला. पदराने पुसला. "चला, घरी जाऊ," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून तो उजेड असा गेला की जणू कोणी बटण बंद केलं.

मला राग आला. मला राग सहसा येत नाही, आला तर मी तो फाइलवर लिहून वर पाठवतो. पण त्या दिवशी मी भर हॉटेलात उभा राहून वेटरला म्हणालो, "यह सरासर धोखाधड़ी है! हम इतनी दूर से श्रद्धापूर्वक आए हैं!" श्रद्धापूर्वक हा शब्द का आला कोण जाणे. आसपासची तरुण मंडळी मोबाइलमधून वर बघू लागली. वेटर म्हणाला, "अंकल, रिलॅक्स, नाचोज लेंगे?" पुढचं हिंदी मला सुचेना, आणि मी तसाच, हात वर केलेला, उभा राहिलो. वृंदाने तो हळूच खाली केला.

आम्ही टेबलापाशी परत आलो तर फळीवरचे सगळे ग्लास रिकामे.

"भाऊसाहेब!"

"नमुने होते," भाऊसाहेब म्हणाले. "नमुना म्हणजे दारू नव्हे. नियमात नमुना वेगळा धरतात. तपासून बघणं कर्तव्य होतं." मग ते माझ्याकडे बघून हसले. भाऊसाहेब हसले, याची नोंद मी मुद्दाम करतोय. "दत्तोपंत, तुमच्या चपलांचा आवाज किती छान येतो हो. घरात कोणीतरी आहे असं वाटतं."

दारू चढल्यावर कोणी रडतं, कोणी भांडतं. भाऊसाहेबांना कौतुक चढलं. आयुष्यभर साठलेलं, कधी न वापरलेलं कौतुक बदाबदा बाहेर येऊ लागलं. दारवानाला ते म्हणाले, "आप बहुत अच्छा रोकते हैं." रस्त्यावरचा खड्डा बघून, "काय खोल आहे! मनापासून खणलाय." आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून मेट्रोच्या दिशेने निघालो. वृंदा एक शब्द बोलत नव्हती. मला घरी पोचायची भीती वाटत होती.

वाटेत भाऊसाहेब थबकले आणि माझ्या कानात कुजबुजले. कारण नैसर्गिक आणि तातडीचं होतं. आजूबाजूला काचाच काचा. आडोसा म्हणून एका व्यापारी इमारतीच्या मागच्या बाजूला एक दार उघडं दिसलं, तिथे आम्ही त्यांना घेऊन शिरलो.

"भाऊसाहेब, पायरी! पायरी आहे!" मी ओरडलो.

"काय सुरेख पायरी!" भाऊसाहेब म्हणाले.

"मराठी?" आतून आवाज आला. गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेली, केसांना जाळी बांधलेली एक तरुण मुलगी हातात पाण्याचा पाइप घेऊन बाहेर आली. भाऊसाहेबांची सोय तिने तत्परतेने दाखवली. तिचं नाव सुखदा. मूळची पुण्याची. इथे काय करतेस असं वृंदाने उगीच, शिष्टाचार म्हणून विचारलं.

"बिअर बनवते, काकू," ती म्हणाली. "हे आमचं मागचं दार. पुढून आलात तर रेस्टॉरंट आहे."

वृंदाने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या दाराकडे. "टाक्या खऱ्या आहेत?" तिने विचारलं. असा आवाज मी तिच्या तोंडून फक्त हॉस्पिटलात, डॉक्टर बाहेर आल्यावर ऐकला होता.

"हात लावून बघा ना. पण आत यायचं तर बूट आणि जाळी घालावी लागेल."

माझ्याही डोक्याला जाळी बांधण्यात आली. माझ्या डोक्याची परिस्थिती बघता जाळीने नेमकं काय अडवायचं होतं हे सुखदालाही सांगता आलं नसतं. पण नियम म्हणजे नियम. दिवसभरात पहिल्यांदाच मला ओळखीच्या जगात आल्यासारखं वाटलं.

आत गारवा होता आणि ओल्या धान्याचा, आंबूस, घरगुती वास. स्टीलच्या साध्या टाक्या. एका टाकीतून नळी निघून पाण्याने भरलेल्या बादलीत सोडली होती आणि बादलीत बुडबुडे येत होते. गुडगुड, गुडगुड. वृंदा बादलीपाशी उकिडवी बसली. गुडघे दुखतात म्हणून ती देवासमोरसुद्धा खुर्ची घेते. मी तिच्याशेजारी वाकलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "श्वास घेतंय वाटतं."

वृंदाने मान वर केली.

"श्वास?" ती म्हणाली. "अहो, श्वास कसला? हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. आत ऑक्सिजन उरलाय कुठे श्वास घ्यायला? आयुष्यभर सांगत आले तुम्हाला! दही लावते तेव्हा सांगितलं, इडली केली तेव्हा सांगितलं, एका कानाने ऐकायचं आणि..."

बोलणी इतकी गोड लागतात हे मला त्या दिवशी कळलं. सुखदासमोर, डोक्याला जाळी बांधून, मी ती पोटभर खाल्ली. आणखी मिळावीत म्हणून विचारलं, "मग ही यीस्ट म्हणजे झाड की प्राणी?"

"दोन्ही नाही!" वृंदा उठून उभीच राहिली. तिच्या आवाजाने पुढच्या रेस्टॉरंटमधले दोन-तीन वेटर दाराशी आले. सुखदा त्यांना म्हणाली, "आ जाओ, सुनो. कस्टमर पूछते हैं यीस्ट क्या है, तो तुम लोग मसाला बोलते हो." आणि वृंदाने हिंदीत तास सुरू केला. एका जिवंत पेशीला साखर मिळाली की ती काय करते, गर्दी झाली की काय होतं, आपल्याच मद्यात ती शेवटी कशी थकते. बादलीतले बुडबुडे तिला साथ करत होते. भिंतीला टेकलेल्या एका वेटरला तिने मध्येच म्हटलं, "सीधे खड़े रहो," आणि तो ताठ झाला. सुखदाही ताठ झाली. मीही.

भाऊसाहेब मोकळे होऊन परत आले आणि एका पिंपावर बसून म्हणाले, "काय शिकवते हो ही बाई! आम्हाला अशी का नाही मिळाली?"

तास संपल्यावर सुखदा म्हणाली, "काकू, दर मंगळवारी याल? सगळ्या स्टाफला शिकवायला? खरंच विचारतेय."

वृंदाने माझ्याकडे बघितलं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "चोप्रांना विचारावं लागेल. मंगळवारचं त्यांचं मत वेगळं आहे." तिने माझ्या जाळीवर टपली मारली.

निघताना सुखदाने माझ्या हातात एक ग्लास दिला. सगळे बघत होते. मी घोट घेतला. कडू होती हो. कारल्याच्या रसात जुनी छत्री बुडवून ठेवावी तशी. पण वृंदा अशा उत्सुकतेने माझ्याकडे बघत होती की मी सबंध ग्लास संपवला आणि विचारलं, "कडू का लागते?"

मेट्रोत शिरताना तपासणीच्या जवानाला भाऊसाहेब म्हणाले, "किती प्रेमाने चाचपता." मग डब्यात बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर मान टाकून घोरू लागले. आणि वृंदा मला सांगत होती. एका वेलीची फुलं असतात, त्यांचा तो कडूपणा. ती वेल थंड प्रदेशात होते. फुलांच्या आत पिवळी भुकटी असते, ती उकळल्याशिवाय कडू होत नाही. समोरच्या मुलीने कानातल्या तारा काढल्या होत्या आणि ती ऐकत होती. तिच्या शेजारचे गृहस्थ पेपर खाली घेऊन ऐकत होते. बिअरच्या कडूपणातून ती कारल्यावर आली, कारल्यातून मेथीवर, आणि मेथीतून आपली जीभ मुळात कडू का ओळखते या मोठ्या प्रश्नाला तिने हात घातला.

आमचं विश्वविद्यालय स्टेशन आलं. दारं उघडली. वृंदाचं लक्ष नव्हतं, हात हलवत ती म्हणत होती, "कारण कडू म्हणजे विष, असं शरीराला वाटतं, लक्षात येतंय का तुमच्या?"

"थोडं थोडं येतंय," मी म्हणालो. "पुन्हा सांग."

दारं बंद झाली. गाडी पुढे निघाली, आणि समयपूर बादली हे शेवटचं स्टेशन यायला अजून बराच अवकाश होता.